विकणे आणि शिकवणे : उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

विद्यार्थी मित्रहो, आपल्या बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून तुम्ही अनेकदा गेला असाल. पुढे देशभर पोहोचलेल्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात आपल्याच गावातल्या सायकलच्या लहानशा दुकानातून झाली, हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. आपल्या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरी दुकान, गिरणी, शिलाईकाम असा काही ना काही छोटा व्यवसाय आहे. त्या घरांनी तर लक्ष्मणरावांचे चरित्र आवर्जून वाचावे.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणचे मन मात्र पुस्तकी अभ्यासात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे आणि यंत्रे. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठबळ दिले आणि १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेथे लवकरच एक धक्का बसला. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही, असे लक्षात आले. चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. दुसरा एखादा मुलगा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणने रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाटने करण्याचे शिक्षण त्याने घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याची नोकरी मिळवली.

मुंबईत असतानाच त्यांची नजर सायकलीवर गेली. त्या काळी सायकल म्हणजे श्रीमंतांची हौस होती. एका सायकलीला ७०० ते १००० रुपये पडत. १८८८ मध्ये दोघा भावांनी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी होती. पण ज्याला चालवता येत नाही, तो सायकल घेईल कशाला? म्हणून रामूअण्णा सायकल चालवायला शिकवतही असत. त्याचे ते १५ रुपये घेत. वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवलीही पाहिजे, हा धडा या दुकानाने दिला. पुढे तो आयुष्यभर उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व बेळगाव गाठले. दुकानाच्या जोडीला एक छोटा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर हा त्यांचा माल.

नांगर चांगला होता, यात शंका नव्हती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरत असे. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करी आणि हरळी-कुंद्यासारख्या तणांची मुळे वर काढी. तरीही गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर खपायला तब्बल दोन वर्षे लागली! ही दोन वर्षे कशी गेली असतील याची कल्पना पालकांना चांगली करता येईल. भांडवल लोखंडात अडकलेले, कामगारांचा पगार द्यायचा आणि माल दारात पडून. अशा वेळी बहुतेक जण शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष देतात. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. शेतकऱ्याची भीती घालवणे हाही आपल्या धंद्याचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले आणि धीर सोडला नाही. हळूहळू नांगराने आपली परीक्षा शेतातच दिली. एकाचे रान पाहून दुसऱ्याला पटू लागले.

धंदा जरा मार्गी लागतो तोच नवे संकट आले. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी, असे बेळगाव नगरपालिकेने सांगितले. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान होते ते, त्यात सापांचा सुळसुळाट! पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा येणार, तयार नांगर जाणार, हे लक्ष्मणरावांनी हेरले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. कामगारांची घरे उभी राहिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी राखणीचे काम सोपवले, आणि त्यांनीही तो विश्वास सार्थ केला.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) परदेशी माल येणे बंद झाले आणि लोखंडाची टंचाई पडली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी, हा त्याचा मूळ हेतू. पण नुसती जाहिरात कोण वाचणार? म्हणून त्यात वाचकाच्या उपयोगाचा मजकूर येऊ लागला. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक घडले. रामूअण्णांच्या सायकलच्या शिकवणीचेच हे मोठे रूप म्हणावे लागेल.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. तोपर्यंत नांगरांच्या जोडीला पंप, डिझेल इंजिने आणि विजेच्या मोटारी किर्लोस्करांच्या नावाने देशभर जात होत्या. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

या चरित्रातून छोट्या व्यावसायिकाने काय घ्यावे? गिऱ्हाईक का घेत नाही, हे त्याच्यावर न रागावता समजून घ्यावे. वस्तू देताना ती नीट वापरण्याची माहितीही द्यावी. जाहिरात करावी, पण तिच्यातून वाचणाऱ्याला काही तरी मिळावे. जागा निवडताना माल येणार कसा आणि जाणार कसा, हे आधी पाहावे. आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्याइतका धीर व तेवढी पुंजी गाठीला ठेवावी.

मित्रहो, पुढच्या वेळी किर्लोस्कर रोडवरून जाताना क्षणभर ते सायकलचे दुकान डोळ्यांसमोर आणा. रंग न ओळखणाऱ्या एका मुलाने आपल्याच गावात ही सुरुवात केली होती.