ठशावरून राजा ओळखणारे महामहोपाध्याय

घरातील जुना चांदीचा तांब्या उलटा केला की बुडाशी सराफाचा ठसा दिसतो आणि तो कोणत्या पेढीवर घडला याचा बोध होतो. चौदाशे वर्षांपूर्वीच्या चांदीवरील ठसा वाचून तो कोणाचा, हे सांगणारे विद्वान म्हणजे कै. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. छत्तीसगडात घर केलेल्या आम्हा मराठी मंडळींवर त्यांचे ऋण विशेष आहे.

मिराशींचा जन्म 13 मार्च 1893 रोजी देवगड तालुक्यातील कुवळे या गावी झाला. पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. तेव्हा छत्तीसगड नागपूरच्याच प्रांतात मोडत असे, त्यामुळे येथील ताम्रपट व शिलालेख त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत सहज आले. बालपूरचे पं. लोचनप्रसाद पांडेय यांच्यासमवेत त्यांनी ठाकुरदिया व मल्लार येथील ताम्रपटांचे संपादन केले. ताम्रपटाच्या कडीवरील मुद्रा ही राजाची खूणच होय. शरभपुरीय राजांच्या मुद्रेवर गजलक्ष्मी, तीवरदेवाच्या मुद्रेवर गरुड, तर महाशिवगुप्त बालार्जुनाच्या मुद्रेवर नंदी. आमच्यापैकी बहुतेकांनी सिरपूर व राजिम सहकुटुंब पाहिले आहे. परंतु शिदोरी सोडताना ही चिन्हे कितीजणांच्या ध्यानी असतात, कोण जाणे!

मिराशींच्या बुद्धीचा खरा कस मात्र चांदीच्या एका नाण्याने पाहिला. नाशिक जिल्ह्यात व मुंबईच्या साष्टी भागात सुमारे दोन ग्रॅम वजनाची लहान नाणी सापडली होती. एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी, आणि भोवती आपण परम शिवभक्त असल्याचे सांगणाऱ्या श्रीकृष्णराजाचे नाव. नाव स्पष्ट होते. अडचण होती ती हा कृष्णराज कोण याची. काही विद्वानांनी तो राष्ट्रकूट कुळातील मानला होता. वेरूळच्या कैलासामुळे राष्ट्रकूट कृष्णाचे नाव सर्वतोमुखी, तेव्हा तिकडे मन धावणे स्वाभाविकच.

उत्तर मिळाले ते त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरी गावी सापडलेल्या ताम्रपटांत. भोगशक्ती नामक मांडलिकाच्या या दानपत्रांत रकमा कृष्णराज रूपकांत सांगितल्या आहेत, आणि त्यांतील पहिले इ. स. 710 च्या सुमाराचे आहे. कैलासाचा कर्ता कृष्ण गादीवर आला तो त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. जो राजा अद्याप सिंहासनावर बसलाच नव्हता, त्याच्या नावाचे नाणे बाजारात चालेल कसे? शिवाय नाण्याची घडण क्षत्रप व त्रैकूटकांच्या नाण्यांच्या वळणाची, म्हणजे बरीच जुनी. नाशिक जिल्ह्यातच अभोणे येथे कलचुरी शंकरगणाचा इ. स. 597 चा ताम्रपट मिळालेला आहे. त्याचा पिता कृष्णराज, कुळ शिवभक्त. काळ जुळला, प्रदेश जुळला, उपास्यदैवतही जुळले. सहाव्या शतकातील कलचुरी कृष्णराजाला त्याची चांदी परत मिळाली. त्याचे नाणे दीडशे वर्षांनंतरही लोक त्याच्याच नावाने मोजीत होते, हे आम्हांस त्या राजाच्या कोणत्याही विजयापेक्षा मोठे वाटते.

याच कलचुरींच्या नावाने चालणाऱ्या संवताचे लेख मिराशींनी कॉर्पस या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात 1955 साली प्रसिद्ध केले. त्यात रतनपूरच्या शाखेचे लेखही आहेत. त्या रतनपुरावर 1741 साली भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन आले, हे येथील मराठी घरांना सांगावयास नकोच. मात्र तत्पूर्वीची शतके आमच्या पिढीस प्रामुख्याने मिराशींनीच उलगडून दिली.

1963 साली वाकाटकांचा खंड झाला. 1975 साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते आणि हाती शिलाहारांच्या लेखांचे काम होते. कोकणात राज्य केलेल्या त्या घराण्याचा खंड 1977 साली बाहेर पडला. 3 एप्रिल 1985 रोजी मिराशी निवर्तले.