मागणीचे गणित मांडणारे सॅम्युअल इन्सुल

सॅम्युअल इन्सुल यांनी १८९२ मध्ये शिकागो एडिसन कंपनीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा पेच विचित्र होता. सायंकाळी दिवे लागताच यंत्रांवर ताण येई; दिवसा मात्र बरीचशी यंत्रे नुसती उभी. भांडवलावरचे व्याज मात्र थांबत नव्हते!

लंडनमध्ये १८५९ साली जन्मलेले इन्सुल १८८१ मध्ये एडिसन यांचे सचिव म्हणून अमेरिकेत आले. हिशेबात ते पक्के होते. १८९४ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्यांनी आर्थर राइट यांचे कमाल मागणी नोंदविणारे मीटर पाहिले आणि दुहेरी दर शिकागोत आणला. कमाल मागणीचा आकार वेगळा, वापराचा वेगळा. महाराष्ट्रातील कारखानदारांना वीजबिलातला ‘मागणी आकार’ परिचित आहे, तो याच जातीचा. दिवसा वीज वापरणाऱ्या ट्राम कंपन्या व बर्फाचे कारखाने त्यांनी स्वस्त दराने ग्राहक केले.

दर ठरविण्यासाठी सरकारी आयोग हवेत, ही मागणीही त्यांनी १८९८ मध्ये केली. अर्थात, त्यात स्पर्धा टाळण्याचा स्वार्थ होताच.

पुढे होल्डिंग कंपन्यांचा डोलारा १९३२ मध्ये कोसळला. हजारो लहान गुंतवणूकदार बुडाले. ग्रीसला गेलेल्या इन्सुल यांना १९३४ मध्ये परत आणण्यात आले. खटल्यांतून ते निर्दोष सुटले. १६ जुलै १९३८ रोजी पॅरिसमधील भुयारी रेल्वेच्या स्थानकात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.