विश्लेषण : १९ वर्षांचा स्काउट अंटार्क्टिकाला गेला, पुढे काय झाले?

वारा सुटला की थंडी अधिक बोचते. ती किती, हे सांगणारी ‘विंड चिल’ ही संज्ञा पॉल सायपल यांची. १९०८ मध्ये अमेरिकेत जन्मलेले सायपल १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेले, ते देशभरातून निवडलेले १९ वर्षांचे स्काउट म्हणून. दुसऱ्या मोहिमेत ते जीवशास्त्रज्ञ होते. तिसऱ्या मोहिमेत चार्ल्स पॅसेल यांच्यासह उघड्यावर टांगलेल्या नळकांड्यातील पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून त्यांनी विंड चिलचे सूत्र मांडले. १९५७ मध्ये दक्षिण ध्रुवावर प्रथमच हिवाळा काढणाऱ्या १८ जणांचे वैज्ञानिक प्रमुख तेच होते. तेव्हा पारा उणे ७४ अंशांवर उतरला होता. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. मोहिमेत एक जागा तरुणासाठी ठेवली, म्हणून विज्ञानाला सायपल मिळाले.