भाषणाला उभा राहिला की थरथरणारा मोहन

शाळा सुरू झाल्या की दीड-दोन महिन्यांत आपल्या भागात भाषणांचा हंगाम सुरू होतो. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, मग १५ ऑगस्ट, मग २ ऑक्टोबर. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत पोरं-पोरी पाठ केलेलं भाषण म्हणतात आणि दरवर्षी एखादं लेकरू तिसऱ्या वाक्याला अडतं. समोर बसलेली मोठी माणसं हसतात. त्या लेकरानं पुढं कधी हात वर केला नाही तर नवल ते काय? २ ऑक्टोबरला ज्यांच्यावर ही भाषणं होतात, ते गांधीजी स्वतः असेच अडायचे. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. भाषणात हा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून आज इथं सांगतोय.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. वडील करमचंद संस्थानचे दिवाण. पुढं ते राजकोटला गेले आणि मोहनची शाळाही तिथंच झाली. घर दिवाणाचं, पण पोरगा कमालीचा बुजरा. घंटा व्हायच्या वेळेला शाळेत हजर आणि शाळा सुटली की पळत घर. कुणाशी बोलावं लागेल, कुणी आपली थट्टा करील, ही भीती.

१८८८ मध्ये तो बॅरिस्टरी शिकायला विलायतेला निघाला. वय अठरा. शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. आभाराची चार वाक्यं मोहननं कागदावर लिहून नेली होती. वाचायला उभा राहिला तर डोकं गरगरायला लागलं, अंग थरथरायला लागलं, कसेबसे शब्द बाहेर पडले. इथं एक ध्यानात घ्या. भाषण पाठ करायचं नव्हतं, नुसतं वाचायचं होतं.

बोटीवरही तीच गत. इंग्रजी बोलायची लाज, टेबलावर काटे-चमचे कसे धरायचे हे माहीत नाही, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही. मग घरून आणलेली मिठाई आणि फळं खात गडी आपल्या खोलीतच बसून राहिला.

लंडनला गेल्यावर साहेब व्हायचं खूळ डोक्यात शिरलं. सूट शिवला, नाचाचा क्लास लावला, व्हायोलिन विकत घेतलं आणि वक्तृत्व शिकवणारा मास्तरही धरला. त्याला एक गिनी आगाऊ फी दिली. मास्तरानं एक जाडजूड पुस्तक घ्यायला लावलं आणि विल्यम पिट या इंग्रज पंतप्रधानाच्या भाषणापासून धडे सुरू केले. थोड्याच दिवसांत मोहनच्या लक्षात आलं की हे वक्तृत्व शिकून आपल्याला काही उपयोग नाही. त्यानं मास्तराला पत्र लिहून क्लास सोडला. आजही स्पर्धेच्या आदल्या रात्री चुलते नाहीतर मामा भारदस्त शब्दांचं भाषण लिहून देतात आणि चौथीतलं पोर ते घोकत बसतं, तेव्हा मला ही गिनी हटकून आठवते.

लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गांधींना घेतलं होतं. प्रत्येक बैठकीला ते हजर असायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. एका सभासदाची मतं पटत नाहीत म्हणून त्याला मंडळातून काढायचं, असा प्रश्न एकदा आला. गांधींनाही त्या माणसाची मतं पटत नव्हती, पण तेवढ्यावरून त्याला काढणं अन्याय आहे असं त्यांना वाटत होतं. बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मत लिहून नेलं. वाचायचंही धाडस झालं नाही. अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. त्या सभासदाची बाजू हरली ती हरलीच. पण धीर नाही म्हणून गांधींनी मत गिळून टाकलं नाही, आणि माझ्या मते पुढची सगळी गोष्ट इथंच रुजली.

१८९१ मध्ये परत निघताना त्यांनी लंडनच्या एका हॉटेलात मित्रांना जेवण दिलं. तिथं छोटंसं गमतीचं भाषण करायचा बेत होता. पार्लमेंटातला एक सभासद तीनदा उठून तीनदा एकाच शब्दावर अडला, या किश्शापासून सुरुवात करायची होती. पहिलं वाक्य झालं आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. अडलेल्या माणसाचा किस्सा सांगताना स्वतःच अडले! मंडळींचे आभार मानून खाली बसले.

बॅरिस्टर होऊन मुंबईत आले. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या बाईचा साधा दावा हाती आला, फी ३० रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि डोळ्यांपुढं कोर्ट फिरायला लागलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील बघा म्हणून सांगितलं, घेतलेली फी परत केली आणि निकाल काय लागतो ते बघायलाही थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत मग कोर्टाची पायरी चढले नाहीत.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून दिल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिथून ते प्रिटोरियाला पोचले आणि आठवडाभरातच गावातल्या हिंदी व्यापाऱ्यांची सभा घ्यायचं ठरलं. एका शेठच्या घरी ही सभा झाली. गांधींच्या आयुष्यातलं हे पहिलं जाहीर भाषण. वय तेवीस. विषय होता धंद्यातला खरेपणा, कारण धंद्यात खरं बोलून भागत नाही असं व्यापारी सर्रास म्हणायचे. राहणीतल्या अस्वच्छतेबद्दलही त्यांनी तोंडावर सुनावलं आणि आपल्या अडचणी सरकारपुढं मांडायला मंडळ काढू या, असं सुचवलं. या वेळी ते अडले नाहीत. का? माझं मत असं की, आपण कसे दिसतोय यापेक्षा समोरच्यांना काय सांगायचंय हे त्या दिवशी मोठं झालं होतं. स्टेशनावरचा अपमान ताजा होता आणि समोर बसलेले लोक तोच अपमान रोज गिळत होते.

ज्यांना इंग्रजी शिकायचंय त्यांना मी शिकवतो, असंही त्यांनी त्याच सभेत सांगितलं. तिघंजण पुढं आले. एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार. त्यांना यायला सवड नव्हती, तर हे बॅरिस्टर साहेब त्यांच्याकडं जायचे.

१८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस उभी राहिली. महिन्याला, कधी आठवड्याला बैठक. पण सभेत बोलायची सवय कुणालाच नव्हती, उठून उभं राहायलाच लोक कचरायचे. गांधींना ही भीती चांगली ओळखीची! त्यांनी सभेचे नियम समजावून दिले, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचा पायंडा पाडला आणि प्रश्न हिशेबाचा असो की हक्काचा, प्रत्येकाला बोलायला लावलं. चारचौघांत कधी न बोललेली माणसं हळूहळू बोलायला लागली. तिथंच जन्मलेल्या शिकलेल्या पोरांसाठी वेगळं मंडळ काढलं. ही पोरं नेमानं जमायची, एखाद्या विषयावर बोलायची किंवा लिहून आणलेलं वाचायची. जोडीला छोटं वाचनालय होतं. स्पर्धा नाही, ढाल नाही, पहिला-दुसरा नंबर नाही.

एवढं करूनही त्यांची स्वतःची भीती गेली होती का? नाही. १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची सभा झाली. सर फिरोजशहा मेहतांनी आधीच बजावून भाषण लिहून घेतलं होतं, छापूनही घेतलं होतं. हॉल खच्चून भरलेला. गांधी वाचायला लागले, पण आवाज पोचेना आणि हात कापायला लागले. मेहता जोरात वाचा म्हणत राहिले, तसा आवाज आणखीच बसत गेला. केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण लोक ऐकेनात, त्यांना दिनशा वाच्छाच हवे होते. शेवटी वाच्छांनी भाषण वाचलं आणि सभा चिडीचूप झाली. गांधींना याचं वाईट वाटलं नाही. आपलं म्हणणं लोकांपर्यंत गेलं, यातच ते खूश होते.

पाच वर्षांनी, १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला, हेच वाच्छा अध्यक्ष होते. गांधी दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडत असताना घंटी वाजली. ती दोन मिनिटं उरल्याची सूचना होती, पण यांना वाटलं वेळ संपली. मनाला लागलं आणि लगेच खाली बसले.

१९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म निघालं. तिथल्या मुलांना गांधीजी स्वतः शिकवायचे, बहुतेक तोंडी, पुस्तकाशिवाय. मुलांना वाचायचा कंटाळा यायचा, ऐकायला मात्र आवडायचं. शिकवलेलं पोरांना किती कळलं, हे ते पोरं काय प्रश्न विचारतात त्यावरून ओळखायचे. गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी हे करून बघायला काही हरकत नाही. भाषण नंतर, आधी प्रश्न विचारू द्या.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईतच, गोवालिया टँक मैदानावर, गांधीजी ‘भारत छोडो’ ठरावावर बोलले. आधी हिंदुस्थानीत, मग इंग्रजीत, बराच वेळ. आवाज तेव्हाही बारीकच होता. समोर मायक्रोफोन होता आणि लोक गप्प बसून ऐकत होते.