राजवाडे आणि त्यांनी उभे केलेले मंडळ

मराठ्यांचा इतिहास कोणी लिहावा आणि कशाच्या आधारे लिहावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडाच होता. ग्रँट डफचा 1826 सालचा ग्रंथ प्रमाण मानला जात होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1868 मध्ये त्याच्यावर टीका केली होती. पण टीका करणे निराळे आणि त्या ग्रंथाच्या जागी दुसरा उभा करता येईल इतकी अस्सल साधने गोळा करणे निराळे. ती साधने होती कुठे? पेशवे दप्तर पुण्यातच होते, परंतु ते सरकारच्या कुलपात. उरलेले कागद देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून पडलेले. त्यांतले काही वाळवीने खाल्ले होते, काही रद्दीच्या वाटेला लागले होते. मोडी वाचणारी पिढीही हळूहळू सरत चालली होती.

या कागदांच्या मागे ज्यांनी आपले आयुष्य लावले त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 सालचा, कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्यात शिक्षण झाले, बी. ए. झाले, काही काळ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी केली. तिशीच्या उंबरठ्यावर असतानाच पत्नी वारली. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही आणि नोकरीही फार दिवस धरली नाही. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून परभाषांतील थोर ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभला. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ त्यांनी स्वतः मराठीत उतरवले. मासिक काही वर्षांनी बंद पडले. पण ज्ञान मराठीतूनच सांगायचे हा त्यांचा निर्धार शेवटपर्यंत टिकला. इंग्रजीत लिहिले असते तर कीर्ती लवकर पसरली असती, हे त्यांना कळत नव्हते असे नव्हे.

वाईला पानिपताच्या काळातील पत्रांचे एक दप्तर हाती आले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. 1750 ते 1761 या काळातील ही पत्रे. त्यांना जोडलेली प्रस्तावना इतकी दीर्घ आणि इतकी तर्ककठोर होती की पानिपतचा पराभव हा दैवाचा खेळ मानणाऱ्यांना तारखा, मुक्काम आणि रसद यांचा हिशेब प्रथमच समोर दिसला. गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर त्यांनी ठेवलेला ठपका पुढील अभ्यासकांना सर्वस्वी मान्य झाला नाही. मात्र वाद घालायचा तर कागद पुढे ठेवून घालायचा, ही रीत त्यांनीच लावून दिली. 1917 पर्यंत या मालेचे 22 खंड झाले. पाठीशी सरकार नव्हते, संस्थानिकांचा कायमचा आश्रय नव्हता. जेथे छापणारा मिळेल तेथे खंड छापावा, असा प्रकार. काही भाग कोल्हापूरच्या ‘ग्रंथमाले’तून आला.

हिंडणे बहुधा पायी, स्वयंपाक हाताने, अंगावर मोजके कपडे. कागद मागायला गेलेल्या या गृहस्थाला कित्येक घरांनी संशयाने पाहिले, आणि ते स्वाभाविकच होते. जुना कागद म्हणजे वतनाचा पुरावा. तो परक्याच्या हाती गेला आणि उद्या कज्जा उभा राहिला तर? ही भीती एकट्या माणसाने दूर होण्यासारखी नव्हती. कागद घ्यायचा, जपायचा, नकलायचा, छापायचा आणि दात्याला विश्वास द्यायचा, तर त्याला संस्था हवी.

7 जुलै 1910 रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मेहेंदळ्यांच्या वाड्यात काम सुरू झाले. ठरावीक दिवशी सभा भरे, सभासद सापडलेला कागद वा नाणे वा ताम्रपट पुढे मांडत, त्यावर चर्चा होई आणि वृत्तांतात ती छापली जाई. वर्षाचे संमेलन होई. वकील, शिक्षक, कारकून अशी पोटापाण्याचा धंदा निराळा असलेली माणसे फावल्या वेळात मोडी वाचू लागली, हे मंडळाचे खरे सामाजिक काम. गावोगावच्या घरांतून रुमाल मंडळाकडे येऊ लागले, कारण आता ते कोणा एकाच्या घरी जाणार नव्हते. दत्तो वामन पोतदारांसारखा कार्यकर्ता लाभल्याने पुढे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले.

राजवाड्यांचा स्वभाव मात्र संस्थेत सामावणारा नव्हता. मतभेद झाला की माणूस तुटे. जातींच्या उत्पत्तीविषयी त्यांनी केलेली काही विधाने तर पुराव्यापेक्षा पूर्वग्रहावर उभी होती. कायस्थ प्रभू समाजाविषयी मंडळाच्या वृत्तात त्यांनी जे लिहिले, त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी 1918 मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिले. ज्याने इतरांना कागदाची शिस्त शिकवली त्यानेच ती येथे मोडली, असे म्हणावे लागते. कालांतराने ते स्वतःच स्थापन केलेल्या मंडळापासूनही दूर झाले.

उतारवयात त्यांचे वास्तव्य मुख्यतः धुळ्यास. शहाजीराजांच्या बेंगळुरातील दरबाराचे दर्शन घडवणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी 1922 मध्ये, तर उत्तर कोकणची ‘महिकावतीची बखर’ 1924 मध्ये प्रसिद्ध केली. कर्नाटकातील मराठी राज्याचा आरंभ समजून घेताना पहिला ग्रंथ आजही टाळता येत नाही. इकडे गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1931 पासून पोर्तुगीज दप्तर सांभाळून त्यातून मराठ्यांचा इतिहास उकलला, तो याच परंपरेचा दुसरा किनारा.

अखेरच्या दिवसांत राजवाडे मराठी धातू गोळा करीत होते. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. मागे घरदार नव्हते; होत्या त्या कागदांनी भरलेल्या पेट्या. शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट आदी धुळेकरांनी 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्या आपल्या ताब्यात घेतल्या. अपुरा राहिलेला ‘मराठी धातुकोश’ कृ. पां. कुलकर्णी यांच्या हातून संपादित होऊन 1937 मध्ये बाहेर आला.