एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर, घराण्याचं चिन्ह एकच; मग मालवण घेणारा कोणता?

मुंबईच्या लोकलमध्ये 2018 पर्यंत एल्फिन्स्टन रोड नावाचं स्टेशन होतं, आज ते प्रभादेवी आहे. एल्फिन्स्टन कॉलेज मात्र त्याच नावाने चालू आहे. दोन्ही नावं एकाच साहेबाची असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. स्टेशन पुतण्याच्या नावाचं होतं, कॉलेज काकाच्या नावाचं आहे. मालवणच्या किनाऱ्याशी संबंध येतो तो काकाचा, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा.

हा गडी स्कॉटलंडचा. जन्म 6 ऑक्टोबर 1779 चा. वडील अकरावे लॉर्ड एल्फिन्स्टन आणि एडिनबरा किल्ल्याचे गव्हर्नर, त्यामुळे पोराचं लहानपण किल्ल्यातच गेलं. गंमत म्हणजे एडिनबरात तपासलेल्या चांदीवर तीन बुरुजांच्या किल्ल्याचाच ठसा मारतात. 1759 मध्ये सोबत काटेरी थिसल फुलाचा ठसा आला आणि वर्ष कळावं म्हणून तेव्हा एक अक्षर असायचंच. जुना स्कॉटिश चमचा हातात आला की जाणकार आधी हे ठसे बघतात, मग दांड्यावर कोरलेलं घराण्याचं चिन्ह.

एल्फिन्स्टनांच्या ढालीवर चंदेरी रंगात काळी कमान आणि रानडुकरांची तीन लाल मुंडकी. चमच्यावर एवढं मावत नाही, म्हणून तिथे फक्त ढालीवरचं शिरोचिन्ह कोरायची रीत. या घराण्याचं शिरोचिन्ह म्हणजे एका हातात किल्ला आणि दुसऱ्या हातात लॉरेलची फांदी धरलेली बाई. कुणाचं चिन्ह कोणतं, याची अधिकृत नोंदवही स्कॉटलंडमध्ये 1672 पासून आहे. पण चिन्हावरून घराणं कळतं, माणूस नाही. गोळ्यांचा छोटा मुकुट वर असेल तर वस्तू लॉर्डची समजायची. माउंटस्टुअर्ट चौथा मुलगा, त्याला तो मुकुट कधीच मिळाला नाही.

धाकट्या मुलांनी कंपनीची नोकरी धरायची, हा तेव्हाचा सरळ मार्ग. 1796 मध्ये तो हिंदुस्थानात आला. 1803 मध्ये असईच्या लढाईत वेलस्लीसोबत होता, पुढे नागपूरला रेसिडेंट झाला, काबूलच्या शाह शुजाकडे वकील म्हणून गेला आणि 1811 मध्ये पुण्यात पेशव्यांच्या दरबारी आला.

इथे सिंधुदुर्ग येतो. मालवण तेव्हा कोल्हापूरकरांकडे होतं आणि किनाऱ्यावर आपली जहाजं लुटली जातात, ही इंग्रजांची जुनी ओरड होती. 1765 मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचं फोर्ट ऑगस्टस असं बारसंही केलं होतं, पण पुढे तो परत द्यावा लागला. 1812 मध्ये पेशवे आणि कोल्हापूरकर यांच्या भांडणात एल्फिन्स्टन मध्ये पडला. तह झाला, त्यात चिकोडी-मनोळी पेशव्यांकडे गेलं आणि मालवण इंग्रजांना मिळालं. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लंही सुटलं. शिवरायांनी समुद्रात बांधलेला किल्ला शेवटी कागदावर गेला.

पाच वर्षांनी त्याची पाळी आली. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई पेटली. एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून निघाला आणि मागे मराठी फौजेने तो लुटून जाळला. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, कागदपत्रं, घरातलं सामान, सगळं गेलं. पुस्तकांचं दुःख त्याला मोठं होतं; माणूस वाचनवेडा होता. लढाई मात्र कंपनीने जिंकली आणि पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली.

1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता. शाळा, मराठी छापील पुस्तकं, 1827 ची कायदेसंहिता ही त्या काळातली कामं. लोक शिकले तर आपल्याला एक दिवस इथून जावं लागेल, हे तो ओळखून होता, तरी शाळांना त्याने हात आखडला नाही. पुढे गव्हर्नर जनरलपद दोनदा चालून आलं, दोन्ही वेळा नको म्हणाला.

त्याने लग्न केलं नाही. 20 नोव्हेंबर 1859 ला तो इंग्लंडमध्ये सरे परगण्यात वारला, तेव्हा मुंबईत गव्हर्नरच्या खुर्चीवर त्याचा पुतण्या, मुकुटवाला लॉर्ड एल्फिन्स्टन बसलेला होता.