एडगर कॉड : तुमच्या फोनमधल्या टेबलांमागचा माणूस

मागच्या महिन्यात मी माझ्या एका छोट्या वेब ॲपमध्ये ग्राहकांच्या टेबलमधल्या एका कॉलमचं नाव बदललं. बदल ग्राहकांच्या मॉड्यूलमध्ये, आणि बंद पडलं बिलांचं मॉड्यूल! कारण बिलांचा कोड ग्राहकांच्या टेबलमध्ये परस्पर हात घालत होता. तो कोडही मीच लिहिलेला, म्हणजे शिव्या तरी कुणाला घालणार? अर्धी रात्र दुरुस्तीत गेली. त्या रात्री मला एडगर कॉड आठवले.

कॉड यांचा जन्म १९२३चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डला शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये विमानं चालवली, मग अमेरिकेत येऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. माणूस तत्त्वाचा पक्का. सिनेटर मॅकार्थींनी चालवलेल्या कम्युनिस्ट-शोधाला वैतागून १९५३मध्ये सरळ कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६५मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली.

पुढे आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये असताना त्यांना एक गोष्ट खटकली. तेव्हाच्या डेटाबेसमध्ये एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे जायची वाट प्रोग्रामरला माहीत असावी लागे. डेटाची मांडणी बदलली की ती वाट मोडायची आणि प्रोग्रामही मोडायचे. जून १९७०मध्ये कॉड यांचा प्रसिद्ध शोधनिबंध आला. त्यातली कल्पना ऐकायला साधी आहे: डेटा टेबलांमध्ये ठेवा, प्रोग्रामनं फक्त काय हवं ते सांगावं, ते कसं शोधायचं हे मशीन बघून घेईल.

आयबीएमला मात्र घाई नव्हती. त्यांचा जुन्या पद्धतीचा आयएमएस हा डेटाबेस चांगला विकला जात होता ना! एसक्यूएल ही भाषा त्यांच्याच सहकाऱ्यांनी, चेंबरलिन आणि बॉइस यांनी बनवली, आणि तिच्यातल्या उणिवा कॉड नंतर जाहीरपणे दाखवत राहिले. आयबीएमच्या आधी, १९७९मध्ये, ओरॅकलनं बाजारात उडी मारली. कॉड यांना १९८१मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९८५पर्यंत जुन्याच मालावर 'रिलेशनल' असं लेबल चिकटवून विक्री सुरू झाली होती. तेव्हा कॉड यांनी खरं रिलेशनल कशाला म्हणायचं याचे १२ नियम काढले. मोजणी ० पासून, म्हणजे खरे १३! त्यात 'व्ह्यू'बद्दलही नियम आहे. व्ह्यू म्हणजे खऱ्या टेबलवर बसवलेली खिडकी. आत सामान हलवा, खिडकीतून तेच दिसतं. मी जुन्या कॉलमच्या नावानं असा एक व्ह्यू ठेवला असता, तर बिलं बंद पडली नसती.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्ट एसक्यूलाइटच्या टेबलांमध्ये असतात, पण चॅटिंगचं ॲप त्या फाइलला थेट हात लावू शकत नाही. ते 'कॉन्टॅक्ट्स प्रोव्हायडर'कडे मागणी करतं, तीही तुम्ही परवानगी दिली तरच.

वेब ॲपमध्ये ही शिस्त आपल्यालाच लावावी लागते: टेबल ज्या मॉड्यूलचं, त्यानंच हाताळायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं. याचा त्रासही आहे बरं का. ५०० बिलांसाठी ५०० वेळा ग्राहकाचं नाव मागितलंत तर पान रांगत उघडेल. म्हणून सगळे ग्राहक क्रमांक एकदम देऊन नावांची यादी एकाच क्वेरीत मागवायची.

कॉड २००३मध्ये फ्लोरिडात गेले, वयाच्या ७९व्या वर्षी. माझ्या ॲपमध्ये आता बिलांसाठी वेगळा डेटाबेस युजर आहे. त्याला ग्राहकांचं टेबल उघडताच येत नाही, फक्त व्ह्यू वाचता येतो. ऑर्डरचं मॉड्यूल अजून राहिलंय, ते या रविवारी.